दुकानदाराच्या मुलीने अकरावीला कॉमर्स घ्यावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तालुक्याच्या गावात तिसऱ्या पिढीचं भांड्यांचं दुकान आहे, मुलीला दहावीला ८२ टक्के आहेत आणि तिला कॉमर्सला जायचंय. घरातले म्हणतात, एवढे मार्क आहेत तर सायन्स घे. दुकान तिनेच पुढे न्यावं अशी तुमची इच्छा आहे. पण भाच्याने तुम्हाला सांगितलं की कॉमर्समधला ‘ओसी’ (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) हा निव्वळ पाठांतराचा विषय, त्यात धंदा कुठेच नाही. मग दोन वर्षं त्यात कशाला घालवायची, असं तुम्हाला वाटतंय. जोडीला आणखी दोन प्रश्न आहेत: गणित घ्यावं की एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), आणि सीएचा क्लास अकरावीपासूनच लावावा का.

मी कनिष्ठ महाविद्यालयात २३ वर्षं बीके (पुस्तपालन, म्हणजे हिशेब लिहिणं) आणि ओसी शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्याच्या आसपास मुलं दुकानदारांची, अडत्यांची, गॅरेजवाल्यांची, खानावळ चालवणाऱ्यांची असतात. त्यामुळे तुमच्यासारखे पालक दर जूनमध्ये स्टाफरूमच्या दारात येतात. त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सायन्स की कॉमर्स हा वाद आधी बाजूला ठेवू. त्यात मुलीला स्पष्ट सांगायला हवी अशी एकच गोष्ट आहे: बारावी सायन्सनंतर बी.कॉम., बीबीए, सीए हे सगळे रस्ते खुले राहतात, पण बारावी कॉमर्सनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाता येत नाही. हे माहीत असूनही ती कॉमर्स म्हणत असेल, तर ८२ टक्के हे सायन्सला ढकलायचं कारण होत नाही. मार्क चांगले आहेत म्हणून नको असलेल्या शाखेत घातलेली मुलं बारावीनंतर माझ्याकडे परत येतात. तेव्हा बीके पहिल्यापासून शिकायला त्यांना दुप्पट कष्ट पडतात.

आता मूळ प्रश्न. तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, हा विषय बहुतेक ठिकाणी पाठांतराने शिकवला जातो आणि पाठांतराने लिहिला जातो. पण विषयाचा स्वभाव तसा नाही. माझ्या अनुभवात खरी अडचण वेगळीच आहे. दुकानदाराची मुलं दुकान घरी ठेवून वर्गात येतात. संध्याकाळी गल्ल्यावर बसून जे पाहतात त्याचा आणि सकाळी फळ्यावर लिहिलेल्याचा काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही येत नाही. तो संबंध कोणी दाखवला नाही तर ओसी म्हणजे व्याख्यांची यादी होऊन बसते. तुमच्या घरात तो संबंध दाखवायला सगळं साहित्य हजर आहे. नोकरदाराच्या मुलांना ही सोय नसते.

आधी विषयात काय आहे ते पाहू. अकरावीला व्यापार, लघुउद्योग, व्यवसाय संघटनेची रूपं, व्यवसायाला मदत करणाऱ्या संस्था, व्यावसायिक पर्यावरण आणि व्यवस्थापनाची ओळख असते. बारावीला व्यवस्थापनाची तत्त्वं आणि कार्यं, उद्योजकता विकास, बँक-विमा-वाहतूक-गोदाम अशा सेवा, ई-बिझनेस आणि आउटसोर्सिंग, सामाजिक जबाबदाऱ्या, ग्राहक संरक्षण आणि विपणन. यादी वाचली की कोरडीच वाटते. म्हणून यातले तीन-चार धडे तुमच्या दुकानात नेऊन पाहू.

‘व्यवसाय संघटनेची रूपं’ या धड्यात एकल व्यापारी, भागीदारी, हिंदू अविभक्त कुटुंब, सहकारी संस्था आणि कंपनी येतात. मुलं प्रत्येकाची वैशिष्ट्यं पाठ करतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारते, तुमच्या घरचं दुकान यातलं कोणतं? तेव्हा वर्ग गप्प होतो. कुणालाच नक्की माहीत नसतं. पाटीवर ‘आणि सन्स’ असतं, पण लायसन्स आजोबांच्या नावावर, बँकखातं वडिलांचं, गाळा काकांचा. मग ही एकल मालकी, भागीदारी की अविभक्त कुटुंब? भागीदारी असेल तर करार कुठे आहे? १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करार तोंडी असला तरी चालतो, पण लेखी आणि नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर कोर्टात अडचण येते. हा प्रश्न घेऊन मुलं घरी जातात. काही घरांत त्या रात्री पहिल्यांदाच ते कागद कपाटातून बाहेर निघतात.

याच धड्यात एकदा एका मुलीने विचारलं होतं, ‘मॅडम, कर्ता मुलगीच नसते का कधी?’ तो प्रश्न तुमच्या घरासाठी मोलाचा आहे. अविभक्त कुटुंबाचा व्यवसाय चालवणारा तो कर्ता, आणि रूढीने तो घरातला सगळ्यात मोठा पुरुष. पण महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायादाचा, म्हणजे मुलासारख्याच वाटेकरीपणाचा हक्क दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घरातली ज्येष्ठ मुलगी कर्ता होऊ शकते असा निकाल दिला. तुमचं दुकान कागदावर नेमकं काय आहे हे तुम्हाला वकील किंवा सीए सांगतील. मला एवढंच म्हणायचंय की दुकान मुलीने पुढे न्यावं असं तुम्हाला वाटतं, तर ज्या विषयात हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो तो तिच्या उपयोगाचा नाही असं म्हणता येणार नाही.

लिज्जत पापडचं उदाहरण मी याच धड्यात देते. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं हे काम. वर्गाला विचारलं की अर्धी मुलं ‘कंपनी’ म्हणतात, अर्धी ‘सहकारी संस्था’. खरं तर १९६६ मध्ये त्याची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली झाली. नाव, आकार किंवा जाहिरात पाहून संघटनेचं रूप ओळखता येत नाही, त्यासाठी नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली ते पाहावं लागतं. एवढं कळलं की वैशिष्ट्यांची यादी पाठ करावी लागत नाही.

बारावीचा पहिला धडा हेन्री फेयॉलच्या १४ तत्त्वांचा. मुलं ती ओळीने तोंडपाठ करतात. फेयॉल हा फ्रान्समधला खाणअभियंता. १८८८ मध्ये ज्या खाण आणि पोलाद कंपनीची सूत्रं त्याच्याकडे आली ती बुडायच्या बेतात होती. त्याने ती सावरली आणि त्या अनुभवातून १९१६ मध्ये ही तत्त्वं मांडली. म्हणजे हा कारभार केलेल्या माणसाचा हिशेब आहे, आणि मुलांना मी तो तसाच वाचायला लावते. ‘आदेशातील एकवाक्यता’ घ्या: एका माणसाला एका वेळी एकाच वरिष्ठाने सांगावं. एका वर्षी कापडदुकानातला एक मुलगा उभा राहून म्हणाला, आमच्याकडे बाबा सांगतात गोदामातून गठ्ठे आण, काका सांगतात आधी गिऱ्हाईक बघ, आणि नोकर मध्येच उभा राहतो. आम्ही तासभर त्या नोकरावरच बोललो. महिनाभराने तो मुलगा सांगत आला की घरी बोलणं होऊन काम वाटून घेतलंय, माल काकांकडे आणि गल्ला बाबांकडे. मग आणखी विचार करून म्हणाला, ‘पण मॅडम, हे तर कार्यविभागणीचं तत्त्व झालं.’ त्याला १४ तत्त्वं पाठ होती की नाही, मला आठवत नाही. दोन पक्की कळली होती, एवढं नक्की.

विपणनाचा धडा तर तुमच्या दुकानाचाच आहे. धनत्रयोदशी, लग्नसराई आणि संक्रांतीचं वाण या तुमच्या तीन हंगामांत गिऱ्हाईक वेगळं, माल वेगळा, दर वेगळा आणि बोलणंही वेगळं. रुखवताची पितळी भांडी वजनावर विकली जातात आणि हळदीकुंकवाच्या वाट्या डझनावर. एकीकडे जुन्या भांड्यांची मोड घेऊन नवं देता, तिथे नफा घडणावळीत असतो. दुसरीकडे पन्नास बायकांना पन्नास सारख्या वाट्या हव्या असतात आणि त्या बजेट सांगूनच आत येतात. वस्तू, किंमत, स्थळ आणि वृद्धी (म्हणजे जाहिरात-प्रसार) हे विपणन मिश्रणाचे चार घटक तिने या तीन हंगामांसाठी तीन वेगळ्या तक्त्यांत मांडले, तर ओसीचे प्रकल्पाचे २० गुण मार्गी लागतील. शिवाय तो प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेला नसल्यामुळे तोंडी परीक्षेत तिला घाबरायचं कारण राहणार नाही. दरवर्षी ढीगभर फायली तपासताना स्वतःच्या दुकानावरची एखादी निघाली की ती मी शेवटपर्यंत वाचते.

आणि ग्राहक संरक्षण. तुमच्या बिलबुकावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असेल. बहुतेकांच्या असतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. हा धडा मुलं ग्राहक म्हणून वाचतात आणि ते ठीकच आहे. तुमच्या मुलीने तो विक्रेता म्हणून वाचावा.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. कायदे आणि मर्यादा बदलत राहतात, छापलेलं पुस्तक मागे राहतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे किती रकमेच्या व्यवहाराची तक्रार नेता येते, ती मर्यादा २०१९ च्या कायद्यात एक कोटी होती, डिसेंबर २०२१ पासून ती ५० लाख झाली. सूक्ष्म उद्योगाची व्याख्या २०२० मध्ये बदलली आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा. आता गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तो सूक्ष्म. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करता येते, मात्र त्याचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. मी मुलांना सांगते की परीक्षेत पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा आणि घरी सांगताना आजचा पाहून सांगा. हा फरक लक्षात ठेवणं हासुद्धा या विषयाचा अभ्यासच आहे.

पाठांतराचा भाग किती, तेही सांगते. बारावीच्या ओसीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २० गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न, ८ गुण संकल्पनांना, १२ गुण ‘फरक स्पष्ट करा’ला, ६ गुण प्रसंगावर आधारित प्रश्नांना आणि ८ गुण ‘विधानाचे समर्थन करा’ला असतात. उरलेले लहान-मोठ्या उत्तरांचे. प्रसंग आणि समर्थन या १४ गुणांत नुसतं पाठांतर चालत नाही. फरक स्पष्ट करतानाही दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असतील तर मुद्दे आपोआप सुचतात. पाठ काहीच करावं लागत नाही, असं मी म्हणणार नाही. व्याख्या पाठ हवी, पण सगळ्यात शेवटी. आधी घरचं उदाहरण, मग त्यातला मुद्दा, मग पुस्तकातली व्याख्या. उलट क्रमाने गेलेली मुलं सहामाहीत सगळं विसरलेली असतात.

आता बीके, म्हणजे पुस्तपालन व लेखाकर्म. तुम्ही याबद्दल काही विचारलं नाही, पण दुकानदाराच्या मुलांची खरी अडचण इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते.

तुमच्याकडे अजून लाल वही असेल, किंवा निदान वडिलांच्या वेळची तरी. त्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. कोणी ५०० रुपये आणून दिले की डाव्या बाजूला त्याच्या नावाने ‘जमा ५००’. मुलगी हे लहानपणापासून पाहते आहे. अकरावीत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर लिहिते: डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. आणि ५०० रुपये आले तर रोख खाते नावे! तिला वाटतं, मॅडम उलटं शिकवतायत किंवा आजोबा चुकीचं लिहीत होते. बहुतेक मुलं हे कुणालाच विचारत नाहीत. डोळे मिटून नियम पाठ करतात, आणि तो गोंधळ बारावीच्या भागीदारीच्या हिशेबांपर्यंत सोबत राहतो.

खरं तर दोघंही बरोबर आहेत. आजोबा वहीत पैसे देणाऱ्या माणसाचं नाव लिहितात. त्याने दिले, म्हणून त्याच्या नावाने जमा. पुस्तकात आपण रोख या खात्याच्या बाजूने बोलतो. रोख आली, म्हणून रोख खाते नावे, आणि देणाऱ्या माणसाचं खातं जमा. म्हणजे रोकडीच्या पानावर तेच ५०० रुपये दोन्हीकडे डावीकडेच आहेत. वहीत तिथे माणसाची बाजू लिहिली आहे, पुस्तकात रोकडीची. माणसाचं खातं मात्र दोन्ही पद्धतींत जमाच होतं. बँकेच्या पासबुकात आपण भरलेली रक्कम ‘जमा’ दिसते, कारण तिथे बँक बोलते आहे आणि तिच्या दृष्टीने आपण पैसे दिलेला माणूस आहोत. आमच्या पुस्तकात मात्र बँक खाते नावे. कोण बोलतंय हे आधी विचारायचं, मग नावे-जमा ठरवायचं. एवढं पहिल्या पंधरा दिवसांत बसलं की रोजकीर्द, खतावणी, सहायक पुस्तकं, बँक जुळवणी पत्रक ही साखळी सरळ पुढे जाते. नाही बसलं तर बँक जुळवणीपाशी मुलं हमखास अडतात.

आणि एक लक्षात ठेवा. अकरावीच्या पुस्तकाचा शेवटचा धडा ‘एकेरी नोंद पद्धती’ हा आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बहुतेक छोट्या दुकानांत हिशेब तसाच असतो: रोकड लिहिलेली, उधारीची खाती लिहिलेली आणि बाकीचं डोक्यात. वर्षाच्या सुरुवातीची भांडवलाची स्थिती आणि शेवटची स्थिती मांडून, घरखर्चाची उचल मिळवून आणि नव्याने घातलेलं भांडवल वजा करून नफा काढायचा, हे त्या धड्यात आहे. मुलगी तिथवर पोचली की तिला तुमच्या दुकानाचा एक वर्षाचा नफा काढायला सांगा. घरातून किती उचल होते हा आकडा पहिल्यांदा कागदावर आला की बहुतेक वडील दचकतात. ते पाहताना घाबरू नका आणि तिला रागावूही नका. पोरीने बरोबर केलंय म्हणूनच तो आकडा दिसतोय.

यात न शिकवलं जाणारंही बरंच आहे. उधारी कुणाला द्यायची, मालाच्या थप्पीवर नुसती नजर टाकून काय कमी आहे ते कसं ओळखायचं, रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याशी भाव कसा बोलायचा, गिऱ्हाईक उठायच्या आधी काय दाखवायचं, हे कुठल्याही पुस्तकात नाही आणि मलाही येत नाही. ते तुमच्याकडे आहे. आम्ही तिला हिशेब, कायदा आणि विचार करायची पद्धत देऊ शकतो. बारावीनंतर ती लगेच दुकान चालवू शकेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या दुरून मला ठरवता येणार नाहीत. पहिली म्हणजे कॉलेज. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात, त्यामुळे पसंतीक्रम भरताना पालक मागच्या वर्षीचा कटऑफ पाहतात. तुम्ही त्याआधी एक दिवस कॉलेजात जाऊन तास खरंच होतात का ते विचारा, तिथल्या बारावीच्या दोन मुलांनाच विचारा. नाव एका कॉलेजात आणि शिकणं दिवसभर क्लासमध्ये, ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी चालते. त्यात मुलांचे प्रकल्प तयार मिळतात आणि ओसीचं जे खरं शिक्षण आहे तेवढंच नेमकं गळून जातं. दुसरी गोष्ट माध्यम. तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं असेल तर बीके इंग्रजीतून घ्यायला काही हरकत नाही. शब्द थोडे आहेत, दोन महिन्यांत सरावतात. ओसीत मात्र लिहायचं खूप असतं. तिचं इंग्रजी वाक्य तयार होत नसेल तर मराठी माध्यमाची तुकडी पाहा. कमी मार्कांपेक्षा मोठं नुकसान हे की परक्या भाषेत ती फक्त पाठ केलेलंच लिहील. तिसरी गोष्ट बोर्ड. तुमच्या गावात सीबीएसईची शाळा असेल तर तिथे याच विषयाला बिझनेस स्टडीज म्हणतात. आशय बराचसा सारखा आहे, पण प्रश्नांची पद्धत वेगळी. केवळ त्यासाठी बोर्ड बदलू नका.

गणित की एसपी यावर माझं मत पक्कं आहे. तिला दहावीला गणितात बरे मार्क असतील तर गणितच घ्यावं. एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हा कंपनी चिटणिसाच्या कामाचा विषय आहे. भागधारकांशी पत्रव्यवहार, भाग आणि कर्जरोखे यांची विक्री, लाभांश. सीएसला (कंपनी चिटणीस व्हायला) जायचं ठरलेलं असेल तर तो उपयोगी आणि मार्कही चांगले देतो. पण भांड्यांच्या दुकानाच्या कामी कमिशन, सूट, विमा, निर्देशांक, मागच्या वर्षांच्या विक्रीवरून पुढचा अंदाज काढणं हेच येणार आहे, आणि ते कॉमर्सच्या गणितात आहे. पुढे अर्थशास्त्राच्या काही चांगल्या पदवी अभ्यासक्रमांना बारावीचं गणित लागतं, आणि सीए फाउंडेशनच्या चारपैकी एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो. गणित नसलेली मुलंही तो पास होतात, पण जास्त मेहनत करून. गणिताची खरोखर भीती बसली असेल तर मात्र ओढूनताणून लादू नका. त्या एका विषयापायी बाकीचे पाच बिघडलेले मी पाहिले आहेत.

सीएच्या क्लासबद्दल. फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतरच. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के. दोन पेपर लिहायचे, दोन वस्तुनिष्ठ, आणि त्या दोनांत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अकरावीच्या जूनमध्ये क्लासला घातलेली मुलं एकाच वेळी दोन पद्धतींनी बीके शिकतात: कॉलेजात पहिला धडा आणि क्लासमध्ये तिसरा. ज्यांचा पाया पक्का आहे ती निभावतात. बाकीच्यांची नावे-जमाची गाठ तशीच राहते. म्हणून माझा सल्ला, अकरावीची सहामाही होऊ द्या. बीकेत ७५ च्या वर मार्क आले आणि तिला स्वतःला सीए व्हायचंय असं ती म्हणाली, तर अकरावीच्या उन्हाळ्यात क्लास लावा. ती दुकानातच येणार असेल तर सीएची गरज नाही. बी.कॉम. करता करता जीएसटीची विवरणं भरायला आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायला शिकली तर तुमच्या बाहेरच्या हिशेबनिसाचं काम तिला तपासता येईल. बीबीए-बीएमएसचा विचार असेल तर २०२४ पासून राज्यात त्यासाठी सीईटी आहे, बारावीच्या वर्षात तारीख चुकवू नका.

थोडक्यात सांगायचं तर कॉमर्स घ्या, झेपत असेल तर गणितासकट, क्लासची घाई न करता, आणि कॉलेज तास पाहून निवडून. ओसी पाठांतराचा राहील की नाही हे मात्र निम्मं तुमच्या दुकानावर ठरेल.

म्हणून जूनपर्यंत एवढं करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला गल्ल्यावर बसवा, पण नुसतं सुट्टे पैसे द्यायला नको. त्या दिवसाची विक्री वजनावरची किती, नगावरची किती, उधारीवर किती आणि मोडीत किती, अशा चार रकान्यांत तिच्याकडून लिहून घ्या. महिनाभराचे हे कागद जपून ठेवायला सांगा. अकरावीची सहायक पुस्तकं आणि बारावीचं विपणन त्यातूनच शिकता येईल, आणि पहिल्या प्रकल्पाचं साहित्यही तयार होईल. दुकानाचे कागद, म्हणजे लायसन्स, गाळ्याचा करार, जीएसटी नोंदणी, एकदा तिच्यासमोर उघडून ठेवा आणि कुणाच्या नावावर काय आहे ते तिलाच लिहून काढायला सांगा. पुढचं बिलबुक छापायला टाकण्याआधी परत घेण्याबद्दलचं ते वाक्य तिच्याकडून नव्याने लिहून घ्या. किती दिवसांची मुदत द्यायची, यावर तुम्हा दोघांचं थोडं वाजेल. वाजू द्या.